खडी, डांबर आणि पाणी

कन्नड लेखक देवनूर महादेव यांचा पहिला कथासंग्रह ‘द्यावनूरु’ १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका कथेचं नाव आहे ‘डांबरु बंदुदु’. खेड्यात डांबरी रस्ता येतो, त्याभोवतीची ही कथा. भाषांतरकार म्हणून या शीर्षकाशी मी बराच वेळ झटापट केली आहे. ‘बंदुदु’ हे ‘येणे’ या क्रियापदापासून झालेलं भूतकाळी नाम. ‘डांबर आलं’ म्हटलं तर बातमी होते, ‘डांबराचं येणं’ म्हटलं तर कविता होते, आणि मूळ शीर्षक या दोहोंच्या मधे कुठंतरी शांत उभं असतं. पहिल्या शब्दाला मात्र हातच लावावा लागत नाही. डांबर तिकडंही डांबरच. कन्नड वर्तमानपत्रं रस्त्याच्या कामाला ‘डांबरीकरण’ म्हणतात, मराठी वर्तमानपत्रंही तेच म्हणतात.

दोन शेजारी भाषांत एखादा शब्द इतका सारखा असला, की तो बहुधा दोघींपैकी कुणाचाच नसतो. तिसऱ्याच कुणी तरी तो वाटेत आणून टाकलेला असतो. मलय भाषेत ‘दामर’ म्हणजे झाडाची राळ. हिंदी महासागरात फिरणाऱ्या गलबतांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला ही राळ वापरत. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या कोशात तिची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे आपल्याकडे हा शब्द समुद्रमार्गे आला, आणि आला तो रस्त्यासाठी नव्हे, पाणी बाहेर ठेवण्यासाठी. पदार्थाचा इतिहासही तसाच आहे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाच्या भिंतीत पाणी झिरपू नये म्हणून नैसर्गिक डांबराचा थर दिलेला सापडला. १५९५ साली वॉल्टर रॅले त्रिनिदादच्या डांबराच्या तळ्याकाठी उतरला, तेव्हा त्यानं त्या डांबरानं आपली जहाजं लिंपून घेतली. हजारो वर्षं माणसानं या काळ्या चिकट वस्तूकडून एकच काम घेतलं: पाणी अडवण्याचं. तिच्यावरून चालायचं आणि गाड्या हाकायच्या, ही कल्पना फार अलीकडची.

एकोणिसाव्या शतकात शब्दाखालची वस्तू बदलली. दिव्यांसाठी दगडी कोळशापासून गॅस काढायला सुरुवात झाली, आणि त्या भट्टीत एक दुर्गंधी काळा द्रव उरू लागला. त्यालाही आपण डांबर म्हटलं. कपाटात ठेवायच्या पांढऱ्याशुभ्र नॅफ्थलीनच्या गोळ्यांना मराठीत ‘डांबराच्या गोळ्या’ का म्हणतात, याचं उत्तर इथं आहे: नॅफ्थलीन मिळत असे ते याच कोळशाच्या डांबरातून. पुढं विसाव्या शतकात वस्तू पुन्हा बदलली. आज रस्त्यावर पडतं ते बिट्युमेन, म्हणजे खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी राहणारा गाळ. मराठीनं याही वेळी नाव बदललं नाही. झाडाची राळ, कोळशाचा रस आणि तेलाचा गाळ अशा तीन वेगळ्या वस्तू एका शब्दात सुखानं नांदतात. वर ‘डांबरट’ हा चौथा अर्थही आपण पोरांसाठी राखून ठेवला आहे.

पण रस्ता डांबरानं होत नाही. रस्ता होतो खडीनं. मिश्रणाच्या वजनात डांबर जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असतं. बाकी सगळा दगड. म्हणून डांबराचा इतिहास सांगायचा तर आधी खडीचा सांगावा लागतो.

बेंगळुरूची पेठ केंपेगौडानं १५३७ साली वसवली. आख्यायिका अशी की दोड्डपेटे आणि चिक्कपेटे जिथं मिळतात त्या जागी चार नांगर जुंपले, बैल चार दिशांना सोडले, आणि नांगराचे तास उमटले तेच शहराचे पहिले रस्ते झाले. दोड्डपेटे म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड. जुन्या पुस्तकांच्या शोधात मी तिथं वरचेवर जाते. ‘पेटे’ आणि ‘पेठ’ ही आणखी एक जुळी जोडी. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, तेव्हा मराठीलाही ही वाट तशी जुन्या ओळखीची. त्या काळचे रस्ते मातीचे होते. मातीच्या रस्त्यावर बैलगाडीचं लोखंडी धावेचं चाक एका पावसाळ्यात चाकोरी पाडतं. ‘चाकोरी’ हा आपल्या टीकालेखनातला आवडता शब्द. मुळात तो रस्ता खराब झाल्याची तक्रार आहे.

जॉन लाउडन मॅकअ‍ॅडम या स्कॉटिश माणसानं १८१६ नंतर ब्रिस्टलच्या रस्त्यांवर जे सिद्ध केलं, ते आजही प्रत्येक रस्त्याच्या पोटात आहे. त्याचं म्हणणं सोपं होतं. वजन पेलते ती जमीन, दगड नव्हे. जमीन कोरडी असेपर्यंतच ती वजन पेलते. तेव्हा दगडाचं काम एवढंच की जमिनीवर छप्पर धरायचं. त्यासाठी मोठे धोंडे नकोत. हातानं फोडलेली, धारदार कडांची बारीक खडी हवी, सहा औंसांहून जड नको. गाड्यांच्या वजनानं ती एकमेकींत रुतते आणि आपोआप घट्ट होते. रस्ता मधे किंचित उंच ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना पाण्याला वाट द्यायची. यात डांबराचा थेंबही नव्हता.

आता ही खडी फोडायची कुणी? मॅकअ‍ॅडमच्या पद्धतीत रस्त्याकडेला बसून लहान हातोड्यानं म्हातारी माणसं, बायका, मुलं खडी फोडत. आपल्याकडे ‘खडी फोडायला जाणे’ म्हणजे तुरुंगात जाणे. भाषेनं हे उगाच लक्षात ठेवलेलं नाही. सक्तमजुरीचं ते नेहमीचं काम होतं. आणि तुरुंगाबाहेर खडी फोडून घेण्याची दुसरी मोठी व्यवस्था म्हणजे दुष्काळ. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि म्हैसूर दोन्ही होरपळले. म्हैसूर संस्थानाची लोकसंख्या १८७१ च्या शिरगणतीत ५० लाखांहून थोडी अधिक होती. १८८१ च्या शिरगणतीत ती ४२ लाखांच्या आत आली. भुकेल्यांना फुकट द्यायचं नाही, काम करून घ्यायचं, असं सरकारचं धोरण होतं, आणि काम म्हणजे बहुतेक ठिकाणी माती खणणं आणि खडी फोडणं. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीला पुरुष मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या दरानं काम करायला नकार दिला, कामं सोडून ते निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू अर्ज-विनंत्यांतून सरकारपुढे मांडली. आपल्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात सभेचं नाव ठळक आहे. तिनं ज्यांची बाजू घेतली ती माणसं खडीच्या ढिगाऱ्यावर बसलेली होती, हे तितकं ठळक नाही.

शंभर वर्षांनी तेच दृश्य पुन्हा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारच्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते आणि खडी. आईच्या पिढीतल्या माणसांना ‘सुकडी’ म्हटलं की अजून त्या उन्हाची आठवण येते. रोजगार हमी योजनेचा कायदा त्या अनुभवातून निघाला. फोडलेली सगळी खडी वापरली गेली असं नाही; कित्येक ठिकाणी ढीग वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून राहिले. पण जी वापरली गेली ती अजून खाली आहे. डांबराचे थर वर चढत गेले, खडी जागेवर राहिली.

डांबर रस्त्यावर आलं ते मोटारीमुळं, आणि खरं तर धुळीमुळं. मॅकअ‍ॅडमची खडी घोड्यांच्या टापांनी आणि लोखंडी चाकांनी दाबली जायची. हवा भरलेलं रबरी टायर वेगानं धावू लागलं तेव्हा ते खडीतली बारीक कच शोषून मागं उडवू लागलं. रस्ते उघडे पडू लागले आणि गावं धुळीत बुडाली. १९०२ साली मोनॅकोत एर्न्स्ट गुल्येल्मिनेत्ती या स्विस डॉक्टरानं रस्त्यावर गरम डांबर ओतून धूळ बसवली. फ्रेंच लोकांनी त्याचं नाव ‘डॉक्टर डांबर’ पाडलं. या डॉक्टरानं आधी डच ईस्ट इंडीजमध्ये नोकरी केली होती, म्हणजे ‘दामर’ शब्दाच्या माहेरी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडगर हूली यानं टारमॅकचं पेटंट घेतलं. एका लोखंडाच्या कारखान्याजवळ डांबराचं पिंप सांडलं होतं, त्यावर कुणीतरी भट्टीतली मळी टाकून दिली होती, आणि रस्त्याचा तेवढाच तुकडा धुळीविना गुळगुळीत राहिला होता, अशी त्याची गोष्ट सांगतात. सांडलेलं झाकायला मळी टाकणारा तो मजूर कोण, हे पेटंटात नाही.

भारतात या तंत्राला पैसा आणि चौकट मिळाली ती एका मराठी बॅरिस्टरामुळं. १९२७ साली सरकारनं रस्तेविकासासाठी समिती नेमली. अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात वर्षं काढलेल्या माझ्यासारख्यांना जयकर ठाऊक असतात ते पहिले कुलगुरू म्हणून, फार तर गोलमेज परिषदेमुळं. पण भारताच्या रस्त्यांच्या इतिहासात ‘जयकर समिती’ हे पहिलं पान आहे. समितीनं १९२८ मध्ये सांगितलं की रस्ते हा एकट्या प्रांतांना झेपणारा खर्च नव्हे; पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. १९२९ मध्ये गॅलनमागं दोन आणे असा कर लागू झाला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. समितीच्याच सूचनांतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस निघाली. ही ‘काँग्रेस’ म्हणजे अभियंत्यांची सभा. खडीचा आकार किती, उतार किती, डांबर किती, हे देशभर ती ठरवत आली आहे. दिल्लीची रस्ते संशोधन संस्था १९५२ मध्ये सुरू झाली, तिचंही मूळ त्याच अहवालात.

त्यानंतरचा टप्पा नागपूर. १९४३ साली प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग ही आज दगडी मैलकुटावरच्या रंगांवरून आपण ओळखतो ती उतरंड तिथं ठरली. शेतीनं विकसित भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे ध्येय तिथं लिहिलं गेलं. महायुद्ध चालू होतं, बंगालमध्ये माणसं उपासमारीनं मरत होती, आणि नागपुरात काही माणसं प्रत्येक गावाचं रस्त्यापासूनचं अंतर मोजत बसली होती. हे विसंगत वाटतं, पण दुष्काळात धान्य पोचतं ते रस्त्यानंच.

या सगळ्यात बेंगळुरूचा वाटा प्रयोगशाळेचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत खानदेश, नाशिक, पुणे पालथं घातलेले विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण असताना १९१७ मध्ये इथं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. पुढं ते बेंगळुरू विद्यापीठात आलं. तिथले प्राध्यापक सी. ई. जी. जस्टो हे नाव साहित्याच्या माणसांना अनोळखी असेल, पण खन्ना आणि जस्टो यांचं ‘हायवे इंजिनिअरिंग’ हे पुस्तक वाचल्याशिवाय या देशात क्वचितच कुणी सिव्हिल इंजिनिअर झाला असेल. अव्हेन्यू रोडवर कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी त्याच्या वापरून मऊ झालेल्या प्रती नेहमी दिसतात. मी एक उभ्यानं चाळली होती. त्यातली डांबराची एक चाचणी मला फार आवडली. पंचवीस अंश तापमानाच्या डांबरावर शंभर ग्रॅम वजनाखाली एक सुई पाच सेकंद टेकवायची आणि ती किती आत गेली ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचं. कित्येक वर्षं भारतात डांबराची प्रत याच आकड्यानं ओळखत. २००६ नंतर तिची जागा घट्टपणाच्या मोजमापानं घेतली. एवढ्या दांडग्या वस्तूची परीक्षा सुईच्या टोकानं होत असे, हे मला भाषांतराच्या धंद्यातल्या माणसाला ओळखीचं वाटलं.

या शतकाच्या आरंभी बेंगळुरूत कचऱ्यातल्या प्लास्टिकचा प्रश्न मोठा झाला होता. के. के. प्लास्टिक वेस्ट मॅनेजमेंट या इथल्या कंपनीच्या खान बंधूंनी पिशव्यांचा चुरा डांबरात मिसळायला घेतला आणि त्याच्या चाचण्या बेंगळुरू विद्यापीठात झाल्या. त्याच सुमारास मदुराईच्या त्यागराजर कॉलेजात प्राध्यापक आर. वासुदेवन आधी तापलेल्या खडीवरच प्लास्टिकचा लेप देऊन मग डांबर घालत होते. प्लास्टिकचं अस्तर बसलेल्या खडीला डांबर घट्ट धरतं आणि मधे पाण्याला शिरायला जागा कमी मिळते. २०१३ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसनं याचे नियम छापले, २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. झिजलेल्या रस्त्यातून सुटणाऱ्या प्लास्टिकच्या कणांचं काय, हा प्रश्न आता त्या कौतुकाच्या शेजारी उभा आहे. पण मूळ मुद्दा पाहिला तर तोच जुना: पाणी कसं अडवायचं.

कारण डांबरी रस्त्याला मारतं ते पाणी. उन्हानं डांबर म्हातारं होतं, कडक होतं, त्याला केसासारख्या भेगा पडतात. पावसाचं पाणी भेगेतून आत जातं आणि खडी व डांबर यांच्यामधे शिरतं. वरून चाक गेलं की ते पाणी दाबलं जातं, चाक पुढं गेलं की ओढलं जातं. ही पिचकारी दिवसातून हजारो वेळा चालते. डांबर खडीला सोडतं, खडी सुटते, खालची जमीन ओली होते, आणि एका सकाळी तिथं खड्डा असतो. जहाजात पाणी शिरू नये म्हणून आणलेली वस्तू पाण्यानंच हरते. बेंगळुरूला नदी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, उंचवट्यावर हे शहर आहे. पाणी उतरायचं ते ‘राजकालुवे’ म्हणजे मोठ्या नाल्यांतून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात. ते नाले बुजले, तळी भरून इमारती झाल्या, आणि पाणी रस्त्यावर थांबू लागलं. २०२२ च्या सप्टेंबरात आउटर रिंग रोडवर ट्रॅक्टरमधून कामावर जाणाऱ्या इंजिनिअरांची छायाचित्रं जगभर गेली. दोनशे वर्षांपूर्वी मॅकअ‍ॅडमनं सांगितलेली पहिलीच गोष्ट या शहरानं बाजूला ठेवली होती.

रस्ता मोठा असो की लहान, दुखणं तेच. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगचा तुकडा काही वर्षांपूर्वी नव्यानं करून घेतला, तेव्हा मी दोन दिवस ते काम पाहिलं. पार्किंगचं दुखणं थोडं वेगळं असतं. तिथं वेग नसतो, गाड्या तासन्‌तास एका जागी उभ्या असतात. इंजिनमधून ठिबकणारं तेल डांबराला विरघळवतं. भर उन्हात दुचाकीचं साइड स्टँड मऊ डांबरात रुतून नाण्याएवढं भोक पाडतं. काम करायला आठ जणांची टोळी आली. मुकादम माझ्याशी कन्नड बोलत होता, टोळीशी दखनी. तारेच्या ब्रशनं जुना पृष्ठभाग घासणाऱ्या एका बाईनं मला घरात फोनवर मराठी बोलताना ऐकलं आणि हाक मारली, “ताई, कुठल्या तुम्ही?” ती बिदर जिल्ह्यातली, औराद तालुक्यातली. घरी मराठी, बाजारात कन्नड, कामावर जे लागेल ते.

खड्डा बुजवण्याआधी दोघा माणसांनी पहारीनं तो कापून मोठा केला. असलेला खड्डा आणखी मोठा का करता, असं मी विचारलं. “गोल असला की टिकत न्हाई ताई,” ती म्हणाली. “चौकोन पायजे. कडा उभ्या पायजेत, पेटीवानी. मग माल धरून ऱ्हातो.” मग आतली धूळ झाडली, झारीनं पातळ डांबराचा हात दिला, कढत माल घमेल्यांनी ओतला, दाताळ्यानं सारखा केला आणि वरून लहान रोलर फिरवला. सगळी घाई उष्णतेची होती. माल दीडशे अंशांच्या आसपास तापवून करतात आणि साधारण शंभराच्या खाली उतरला की रोलर फिरवून उपयोग नसतो. तिच्या पायात गमबूट होते, त्यावर गोणपाट गुंडाळलेलं. कमरेला बांधलेल्या कापडात हळदीची पुडी होती, भाजलं तर लावायला. मी पाणी आणून दिलं तेव्हा तिनं आधी मुकादमाकडं पाहिलं, मग घेतलं.

मराठीत खड्डा ‘बुजवतात’. टोचलेल्या नाकाचं भोक बुजतं तसा. कन्नडमध्ये ‘गुंडी मुच्चु’, म्हणजे खड्डा झाक, मीट. डोळे मिटावेत किंवा भांड्यावर झाकण ठेवावं तसा. या शहरातल्या रस्त्यांवर दोन्ही क्रियापदांचे नमुने सापडतात. घाईत, ओल्या खड्ड्यात, न कापता, न झाडता टाकलेला माल ही दुसरी तऱ्हा. तो पुढच्या सरीपर्यंत टिकतो.

टिकाऊ रस्ता होऊ शकतो, हे पुणेकरांना सांगायला नको. जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीनं केला आणि दहा वर्षांची लेखी हमी दिली. त्याला खड्डा पडला नाही ही पुण्यातली दंतकथा दहा वर्षांहून कितीतरी जास्त टिकली. त्यात जादू नव्हती. माल नीट, जाडी नीट, पाण्याला वाट, आणि खोदाईला आळा. बेंगळुरूनं गेल्या दशकात ‘टेंडरशुअर’ या नावाखाली सेंट मार्क्स रोड, रेसिडेन्सी रोड, कनिंगहॅम रोड असे काही रस्ते याच विचारानं केले: आधी जमिनीखालचं सगळं, पाण्याच्या नळांपासून तारांपर्यंत, रुंद पदपथाखाली नीट बसवायचं, मग वरचा थर. म्हणजे प्रत्येक खात्यानं आपापली कुदळ घेऊन यायचं कारण उरत नाही. आता शहराचा कल ‘व्हाइट टॉपिंग’कडं आहे, जुन्या डांबरावरच काँक्रीटचा थर. काँक्रीटला पाण्याचं भय कमी. पण तेही फोडलं तर जोडायला डांबराहून अवघड.

दुरुस्तीचा इतिहास कुणी लिहीत नाही. रस्त्याचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते. खड्डा बुजवल्याची कोनशिला नसते. कामाची तारीख नाही, नाव नाही. म्हणून या शहरात दुरुस्तीची नोंद ठेवली ती एका चित्रकारानं आणि एका न्यायालयानं. २०१५ मध्ये बादल नंजुंडस्वामी यांनी सुल्तानपाळ्यातल्या एका प्रचंड खड्ड्यात फायबरची मगर आणून ठेवली. २०१९ च्या सप्टेंबरात, चांद्रयान-२ च्या चंद्रावर उतरण्याच्या प्रयत्नाच्या काही दिवस आधी, त्यांनी अंतराळवीराचा पोशाख घातलेल्या नटाला रात्री एका रस्त्यावरून संथ पावलं टाकत चालवलं. पाहणाऱ्याला वाटतं चंद्र आहे, आणि मग बाजूनं रिक्षा जाते. दोन्ही वेळा खड्डे चटकन बुजले.

न्यायालयाला वेळ लागला. २०१५ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयानं जुलै २०१९ मध्ये सांगितलं, की चांगल्या स्थितीतला रस्ता हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि खराब रस्त्यामुळं इजा झालेला नागरिक महापालिकेकडं भरपाई मागू शकतो. खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती अभय ओक होते. मुंबई उच्च न्यायालयातून ते इथं आले होते. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनं सदोष रस्त्यासाठी यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. जयकरांनी रस्त्याला सरकारचं कर्तव्य म्हटलं होतं. नव्वद वर्षांनी तो नागरिकाचा हक्क झाला. ही वाट लांबची आहे आणि ती कुणी ना कुणी खड्ड्यात पडून मोजलेली आहे.

हक्काच्या या हिशेबात एक नाव राहतं. औरादच्या त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, किती वर्षं हे काम करते. अकरा, ती म्हणाली. हैदराबाद, पुणे, आता बेंगळुरू. बांधकाम मजुराचं कार्ड आहे का? “कार्डाला नव्वद दिवसाचा दाखला मागत्यात,” तिनं सांगितलं. इमारत व इतर बांधकाम मजुरांसाठीचा कायदा १९९६ मध्ये झाला. त्याच्या व्याख्येत रस्त्याचं काम स्पष्ट लिहिलेलं होतं. नोंदणी झाली की अपघात, बाळंतपण, म्हातारपण यांसाठी कल्याण मंडळाची मदत मिळू शकते. अट एवढीच, की मागच्या बारा महिन्यांत निदान नव्वद दिवस असं काम केलेलं असलं पाहिजे. तिनं वर्षात नव्वदाहून कितीतरी जास्त दिवस डांबर उचललं होतं. पण चार मुकादमांकडं, तीन शहरांत, कधी आमच्यासारख्या पार्किंगच्या तुकड्यावर, ज्याची नोंद कुठल्याच कचेरीत नसते.

१८७७ मध्ये खडीवरच्या मजुराला निदान सार्वजनिक सभा भेटली होती. आमच्या अपार्टमेंटच्या समितीला मी एवढंच सुचवलं, की कामाच्या पावतीबरोबर टोळीतल्या प्रत्येकाच्या नावे, तारखांसह, कामाचा दाखला द्यावा. समितीनं दिला. कन्नडमध्ये मी लिहिला, सचिवांनी सही-शिक्का केला. तिनं तो घडी करून हळदीच्या पुडीशेजारी ठेवला. दोन दिवसांचा दाखला. अजून अठ्ठ्याऐंशी दिवसांचे दाखले इतर कुणी द्यायचे आहेत.